हेम्प ड्रग्ज कमिशनचा अहवाल आणि गांजाच्या वैधीकरणाचा वाद

१

गांजावरील बंदी कायम असावी की उठवावी, हा प्रश्न गेल्या काही वर्षांत अनेक देशांच्या विधिमंडळांपुढे आला आहे. २०१२ साली अमेरिकेतील कोलोराडो व वॉशिंग्टन या राज्यांनी, २०१३ साली उरुग्वेने, २०१८ साली कॅनडाने आणि २०२४ साली जर्मनीने प्रौढांच्या वापरासाठी, निरनिराळ्या मर्यादा घालून, ही बंदी दूर केली. थायलंडने २०२२ साली बंधने सैल केली. परंतु २०२५ साली ती पुन्हा आवळून वैद्याच्या लेखी सल्ल्याशिवाय गांजाचे तुरे विकता येऊ नयेत असे ठरविले. डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या मादक द्रव्य आयोगाने १९६१ च्या आंतरराष्ट्रीय कराराच्या चौथ्या, म्हणजे सर्वांत कठोर, अनुसूचीतून गांजा २७ विरुद्ध २५ मतांनी वगळला. भारताचे मत वगळण्याच्या बाजूने पडले. तथापि पहिल्या अनुसूचीत तो कायम आहे आणि भारतातील कायद्यात त्या मतदानाने कोणताही बदल झालेला नाही.

या वादाच्या भारतीय शाखेचे एक वैशिष्ट्य असे की, तिच्यात एका जुन्या सरकारी दस्तऐवजाला आप्तवाक्याचे स्थान प्राप्त झाले आहे. १८९३-९४ साली काम केलेल्या हेम्प ड्रग्ज कमिशनचा अहवाल हा तो दस्तऐवज होय. बंदी उठवावी असे म्हणणारे लेखक या अहवालाने गांजाला निर्दोष ठरविले होते असे सांगतात. बंदीचे समर्थक तो वसाहतवादी सरकारने अबकारी उत्पन्नासाठी लिहवून घेतला असे म्हणून बाजूला सारतात. दोन्ही पक्ष अहवालाच्या शेवटच्या निष्कर्षाकडे पाहतात. तो निष्कर्ष कोणत्या प्रश्नाचे उत्तर म्हणून आणि कोणत्या पुराव्यावरून काढला गेला, याची चिकित्सा क्वचितच होते. ती चिकित्सा केल्यास असे दिसून येते की, अहवालाचे खरे मोल त्याच्या निष्कर्षात नसून पुरावा पारखण्याच्या त्याच्या पद्धतीत आहे, आणि जेथे ही पद्धत सुटली आहे नेमक्या त्याच जागा आज सर्वाधिक उद्धृत केल्या जातात.

२

कमिशनचा जन्म ब्रिटिश पार्लमेंटात झाला. मद्यपाननिषेधाच्या चळवळीतील एक अग्रणी व कॉमन्स सभेचे सभासद डब्ल्यू. एस. केन यांनी मार्च १८९३ मध्ये बंगालमधील गांजाच्या लागवडीविषयी व तिच्या सामाजिक आणि नैतिक परिणामांविषयी चौकशीची मागणी केली. हिंदुस्थान सरकारने चौकशीचे क्षेत्र बंगालपुरते न ठेवता ते सर्व हिंदुस्थानभर वाढविले. पंजाबचे फायनान्शियल कमिशनर डब्ल्यू. मॅकवर्थ यंग हे अध्यक्ष झाले. सभासदांत मुंबई इलाख्यातील पंचमहालचे कलेक्टर एच. टी. ओमॅनी, मध्य प्रांतातील कमिशनर ए. एच. एल. फ्रेझर व कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजातील रसायनशास्त्राचे प्राध्यापक सी. जे. एच. वॉर्डन हे तीन युरोपियन होते. आणि ताहिरपूरचे राजा शशिशेखरेश्वर राय, कपूरथळ्याचे कुँवर हरनामसिंग व मुझफ्फरनगरचे लाला निहालचंद हे तीन हिंदी सभासद होते. सत्तर प्रश्नांची एक प्रश्नावली प्रांतोप्रांती धाडण्यात आली आणि एकूण १,१९३ साक्षीदारांचे म्हणणे नोंदविले गेले. ऑगस्ट १८९४ मध्ये सिमल्याला अहवालावर सह्या झाल्या. मूळ अहवाल व साक्षीपुरावा मिळून त्याचे सात खंड भरले. या विषयाची एवढी विस्तृत चौकशी त्यापूर्वी कोठेही झालेली नव्हती.

चौकशीचा आरंभच एका भेदाने होतो. भांगेचे झाड एकच. परंतु त्याची पाने ही भांग, मादी झाडाचे राळयुक्त तुरे हा गांजा, आणि निव्वळ राळ हा चरस. या तिन्हींचे सेवन करणारे लोक, सेवनाची रीत आणि व्यापाराचे मार्ग निरनिराळे होते. भांग घोटून पिण्याची चाल वरच्या वर्गांतही होती व ती सणावारांशी निगडित होती. गांजा चिलमीतून ओढणाऱ्यांत बैरागी, गोसावी, फकीर आणि कष्टकरी वर्ग यांचा भरणा होता. चरस यारकंदहून लेहमार्गे पंजाबात येई. गांजाची लागवड बंगालमध्ये राजशाहीकडील नौगावच्या परिसरात व मध्य प्रांतात खांडव्याच्या बाजूस सरकारी देखरेखीखाली होई, आणि तीत नर झाडे हुडकून उपटून टाकणाऱ्या जाणकाराला विशेष महत्त्व असे; कारण बीजधारणा झाली की तुऱ्यातील राळ घटते. ‘गांजा चांगला की वाईट’ या ढोबळ प्रश्नाऐवजी कोणते द्रव्य, कोणत्या रीतीने, कोणाकडून घेतले जाते, असा प्रश्न कमिशनने मांडला. आजच्या वादात एकाच ‘कॅनबिस’ या नावाखाली पेयातील भांगेपासून तीव्र अर्कापर्यंत सर्व काही सामावले जाते, हे लक्षात घेता या आरंभिक विवेकाचे महत्त्व कमी लेखता येणार नाही.

३

अहवालातील सर्वांत भक्कम भाग वेड्यांच्या इस्पितळांसंबंधीचा आहे. गांजाने वेड लागते, हा समज त्या काळी केवळ लोकप्रवाद नव्हता. त्याला सरकारी आकड्यांचा आधार होता. इस्पितळांच्या वार्षिक तक्त्यांत वेडाच्या कारणांचा एक रकाना असे आणि त्यात गांजाचा आकडा दरसाल मोठा दिसे. साक्षीदार असलेले अनेक डॉक्टर व अधिकारी हाच आकडा प्रमाण मानीत. कमिशनने विचारले ते एवढेच, की हा रकाना भरतो कोण?

उत्तर उद्बोधक होते. रोगी इस्पितळात येई तेव्हा त्याच्यासोबत पोलिसांनी किंवा मॅजिस्ट्रेटच्या कचेरीने तयार केलेला एक वर्णनपत्रक-कागद येई. त्यात वेडाचे कारण लिहिणे आवश्यक असे. रोगी पुष्कळदा रस्त्यावर सापडलेला, नातलग नसलेला, पूर्ववृत्त अज्ञात असलेला. अशा वेळी, तो गांजा ओढीत असल्याचे कोणी सांगितले की तेच कारण म्हणून नोंदले जाई. आणि काही वेळा कोणी न सांगताही तसे लिहिले जाई. इस्पितळाचा अधिकारी तो शब्द आपल्या नोंदवहीत उतरवून घेई. नोंदवहीतून तो वार्षिक तक्त्यात जाई. तक्ता छापून प्रसिद्ध झाला की डॉक्टर त्याचाच आधार देऊन गांजाने वेड लागते असे प्रतिपादन करी. शिपायाचा तर्क अशा रीतीने शास्त्राचे प्रमाण होऊन परत येई.

कमिशनने १८९२ साली दाखल झालेल्या रोग्यांची प्रकरणे एकेक करून पुन्हा तपासविली. त्या साली १,३४४ रोगी दाखल झाले होते आणि त्यांपैकी २२२ जणांचे वेड भांग, गांजा किंवा चरस यांमुळे उद्भवले असे तक्त्यात म्हटले होते. पूर्ववृत्त, आनुवंशिक वेड, अन्य व्यसने व रोग यांचा छडा लावल्यावर ज्यांच्या बाबतीत हे कारण वाजवीपणे मानता येईल अशी ९८ प्रकरणे उरली. आणि त्यांतही अन्य कोणतेही कारण सोबत नाही अशी केवळ ६१. प्रमाण शेकडा साडेसोळावरून सुमारे सव्वासातवर, आणि तेथून साडेचारवर आले. हिंसक गुन्ह्यांच्या बाबतीतही कमिशनने हीच रीत अवलंबिली: साक्षीदारांनी उदाहरणे दिली की मूळ खटल्याचे कागद मागवून वाचावयाचे. अनेक उदाहरणे कागद पाहताच ढासळली.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात ठेविली पाहिजे. कमिशनने गांजाने वेड लागत नाही असे सिद्ध केले नाही, आणि तसा दावाही केला नाही. अतिसेवनाने, विशेषतः मूळचा मानसिक दुबळेपणा असल्यास, वेड उद्भवू शकते हे त्याने मान्य केले. त्याने सिद्ध केले ते असे की, ज्या आकड्यावर रूढ मत उभे होते तो आकडा त्या मतातूनच जन्मलेला होता. ही पुराव्याची चिकित्सा आहे, द्रव्याची निर्दोषता नव्हे. ‘कमिशनने गांजा व वेड यांचा संबंध खोडून काढला’ असे लिहिणारे आजचे समर्थक या दोहोंतील अंतर पुसून टाकतात.

हे अंतर किती महत्त्वाचे आहे ते पुढील काळातील संशोधनाने दाखविले. १९८७ साली स्वीडनमध्ये सैन्यभरतीसाठी आलेल्या ४५,५७० तरुणांच्या पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत पन्नासाहून अधिक वेळा गांजाचे सेवन केलेल्यांत पुढे स्किझोफ्रेनिया होण्याचे प्रमाण सेवन न करणाऱ्यांच्या सुमारे सहापट आढळले. इतर कारणांचा प्रभाव वजा केल्यावर हा आकडा नंतरच्या फेरतपासणीत बराच उतरला. पण तो नाहीसा झाला नाही. म्हणजे १८९४ साली कमिशनने जे प्रश्न विचारले तेच येथे विचारले गेले: अन्य कारणे कोणती, आधी काय घडले आणि नंतर काय? पद्धत तीच, साधने अधिक चांगली, आणि उत्तर काहीसे निराळे. जो कमिशनची पद्धत मानतो त्याला हे नवे उत्तर नाकारता येणार नाही. अहवालाचा निष्कर्ष तेवढा उचलणे आणि त्याची पद्धत सोडून देणे हे अहवालाशी इमान राखणे नव्हे.

४

वेडाच्या प्रकरणात दिसणारी ही काटेकोर वृत्ती अहवालाच्या मध्यवर्ती सिद्धांतापाशी येताच सैल पडते. तो सिद्धांत असा: माफक सेवनापासून शारीरिक, मानसिक वा नैतिक अशी म्हणण्यासारखी हानी होत नाही, अतिसेवनापासून होते, बहुसंख्य लोक माफक सेवन करणारे आहेत, आणि अतिसेवनाची हानी मुख्यतः सेवन करणाऱ्यापुरतीच मर्यादित राहते. हे विधान प्रथमदर्शनी अत्यंत समतोल वाटते आणि त्याची कीर्ती या समतोलामुळेच झाली आहे. परंतु ‘माफक’ म्हणजे किती?

प्रश्नावलीत रोजच्या सरासरी परिमाणाविषयी प्रश्न होता. परंतु सर्वत्र लागू पडेल असे एकच माप अहवालाने निश्चित केले नाही. तसे करणे सोपेही नव्हते. मालाचा कस प्रांतागणिक वेगळा, सेवनाची रीत वेगळी, ओढणाऱ्याची प्रकृती व आहार वेगळा. व्यवहारात माफक आणि अति यांचा निर्णय साक्षीदारांच्या समजुतीवर सोपविला गेला. आणि साक्षीदार तो परिणामावरून करीत. जो मनुष्य आपले काम नीट करतो, ज्याची प्रकृती धड आहे, जो कोणाला उपद्रव देत नाही, तो माफक सेवन करणारा. ज्याची अन्नावरची वासना उडाली, शरीर खंगले, बुद्धी मंदावली, तो अतिसेवन करणारा. एकदा शब्दांचे अर्थ असे ठरले की, माफक सेवनाने हानी होत नाही हे विधान अनुभवाने सिद्ध करण्याची गरजच उरत नाही. ज्याला हानी झाली तो माफकांच्या यादीतून आपोआप वगळला जातो. ज्याला तर्कशास्त्रात अन्योन्याश्रय म्हणतात तो दोष येथे स्पष्ट आहे: माफकपणा हानीच्या अभावावरून ओळखावयाचा आणि हानीचा अभाव माफकपणावरून सिद्ध करावयाचा.

यातून उरतो तो फक्त संख्येचा प्रश्न: हानी झालेले किती व न झालेले किती? तेथे साक्षीदारांची निवड आड येते. त्यांत सरकारी व वैद्यकीय अधिकाऱ्यांचा भरणा मोठा होता. या वर्गाला गांजा ओढणारा भेटतो तो कचेरीत, तुरुंगात किंवा दवाखान्यात. घरी बसून संध्याकाळी चिलीम ओढणारा शेतमजूर त्याच्या दृष्टीस पडत नाही. कमिशनने ही अडचण ओळखली, आणि पुष्कळ साक्षीदारांनी या विषयाचा पूर्वी विचारच केलेला नव्हता हेही नमूद केले. न दिसणारे लोक बहुसंख्य असणार हे अनुमान त्यावरून संभवनीय ठरते. परंतु न दिसणाऱ्यांची प्रकृती उत्तम असणार, हे अनुमान त्यावरून निघत नाही.

हा दोष जुना म्हणून सोडून देण्याजोगा नाही; आजच्या वादाचा सांगाडा त्याच्यावरच उभा आहे. वैधीकरणाचे समर्थक ‘जबाबदार प्रौढांचे सेवन’ असा शब्दप्रयोग करतात आणि ज्याचे नुकसान झाले त्याला बेजबाबदार ठरवून मोकळे होतात. बंदीचे समर्थक उलट बाजूने तीच चूक करतात: त्यांच्या दृष्टीने प्रत्येक सेवन ही व्यसनाची पहिली पायरी असते, म्हणून माफक सेवन नावाची वस्तूच अस्तित्वात नाही. मोजण्याचे कष्ट कोणालाच नको आहेत. वस्तुतः मोजणी आता अशक्य राहिलेली नाही. झाडातील मुख्य मादक घटक १९६४ साली इस्रायलमध्ये गाओनी आणि मेखुलाम यांनी शुद्ध स्वरूपात वेगळा करून त्याची रचना ठरविली. त्यामुळे मालाचा कस आकड्यात सांगता येतो. केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेली देशव्यापी पाहणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. तिच्या अंदाजाप्रमाणे वर्षभरात भांग, गांजा किंवा चरस यांपैकी काही घेतलेले लोक सुमारे ३ कोटी १० लक्ष, म्हणजे पाहणीतील वयोगटाच्या शेकडा २.८ होते. त्यांत भांग घेणारे सुमारे २ कोटी २० लक्ष आणि गांजा वा चरस घेणारे सुमारे १ कोटी ३० लक्ष. सेवनामुळे ज्यांना मदतीची गरज आहे असे लोक सुमारे ७२ लक्ष होते, आणि असे लोक भांगेपेक्षा गांजा व चरस घेणाऱ्यांत प्रमाणाने अधिक आढळले. येथे हानीची कसोटी सेवनाच्या व्याख्येपासून वेगळी ठेवलेली आहे. कमिशनला जे बहुमत वाटले होते ते या आकड्यांनी पुष्कळसे खरे ठरते; परंतु जो अल्पसंख्य भाग अहवालात ‘अपवाद’ या शब्दाखाली दडला होता, तो येथे मोठ्या संख्येने पुढे येतो.

५

समर्थकांचा दुसरा आधार परंपरेचा आहे, आणि त्यासाठीही याच अहवालातील सामग्री वापरली जाते. साक्षीपुराव्यासोबत दोन टिपणे छापलेली आहेत. एक जी. ए. ग्रियर्सन यांचे, संस्कृत व हिंदी वाङ्मयातील भांगेच्या उल्लेखांविषयी. दुसरे मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचे संपादक म्हणून महाराष्ट्राला परिचित असलेले जे. एम. कॅम्बेल यांचे, भांगेच्या धार्मिक महत्त्वाविषयी. ग्रियर्सन यांचे टिपण कोशकाराच्या शिस्तीचे आहे. कॅम्बेल यांचे टिपण भाविकाच्या उत्साहाने लिहिलेले आहे. भांगेला हिंदू माणूस देवतेसमान मानतो आणि तिच्यावर बंदी आणल्यास त्याच्या श्रद्धेला धक्का बसेल, असा त्याचा सूर आहे. आज सर्वांत अधिक उद्धृत होते ते हेच टिपण.

वाङ्मयीन पुरावा म्हणून या सामग्रीची कसोटी लावली पाहिजे. अथर्ववेदात सोमाला प्रमुख मानून ज्या पाच वनस्पतींचा निर्देश येतो त्यांत भंगा आहे, हे खरे. परंतु तेथे ती संकटनिवारक वनस्पती म्हणून येते. तिच्या मादकपणाचा उल्लेख नाही. पाणिनीच्या पाचव्या अध्यायात भंगा येते ती तीळ, उडीद व अळशी यांच्या पंक्तीत, ज्यांची शेते असतात अशा पिकांपैकी एक म्हणून. धाग्यासाठी लावलेल्या पिकाशी हा उल्लेख सहज जुळतो. प्राचीन ग्रंथांतील ‘भंगा’ शब्द दिसला की तेथे आजची भांग वाचावयाची, ही पद्धती शब्दाच्या इतिहासाला सोडून आहे. संस्कृत वैद्यकाचे अभ्यासक जी. जे. म्यूलेनबेल्ट यांनी १९८९ साली भंगेच्या उल्लेखांचा कालक्रम तपासून आणि त्यानंतर डॉमिनिक वुजास्टिक यांनी दाखविले आहे की, मादक द्रव्य या नात्याने भंगा वैद्यक ग्रंथांत अकराव्या-बाराव्या शतकांच्या सुमारास, वंगसेन व सोढल यांच्या ग्रंथांपासून, स्पष्टपणे दिसू लागते. पुढील निघंटूंत मग ‘विजया’ हे नाव रूढ होते. ही परंपरा आठनऊशे वर्षांची आहे. ती थोडी नव्हे. पण ती पाच हजार वर्षांची, अखंड आणि वैदिक आहे, हे विधान उपलब्ध पुराव्याला पेलत नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे परंपरेचा पुरावा मुख्यतः भांगेचा आहे; होळीला व महाशिवरात्रीला घेतल्या जाणाऱ्या पेयाचा. त्यावरून चिलमीतील गांजाचे किंवा अर्काचे समर्थन करणे म्हणजे कमिशनने आरंभी काळजीपूर्वक केलेला भेद मोडणे होय. आणि परंपरा सिद्ध झाली तरी तिच्यावरून हानी-लाभाचा निर्णय होत नाही. समाजाने एखादी वस्तू दीर्घकाळ नियमांनी बांधून वापरली, एवढेच तीवरून कळते. ते नियम सुटल्यावर काय होईल ते कळत नाही.

६

अहवालाच्या अखेरीस दोन भिन्नमतपत्रिका आहेत. त्या राजा शशिशेखरेश्वर राय व लाला निहालचंद यांच्या आहेत. बहुमताने काढलेले सौम्य निष्कर्ष, विशेषतः गांजा व चरस यांच्या बाबतीत, या दोघांना पटले नाहीत. तिसरे हिंदी सभासद हरनामसिंग, म्हणजे स्वतंत्र भारताच्या पहिल्या आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर यांचे वडील, बहुमताबरोबर राहिले. साहेबाने बंदी लादली आणि एतद्देशीयांनी परंपरा राखली, असे जे चित्र आज रंगविले जाते त्याच्याशी ही विभागणी जुळत नाही. गांजाच्या लागवडीसाठी प्रसिद्ध असलेल्या राजशाही भागातील एक जमीनदार त्याच गांजाविरुद्ध मत नोंदवितो, ही गोष्ट समर्थकांच्या लेखनात सहसा येत नाही.

बंदीच्या समर्थकांचा आक्षेप मात्र येथे विचारात घेतला पाहिजे. अबकारी उत्पन्न घेणाऱ्या सरकारने नेमलेले आणि महसूल खात्यात मुरलेले अधिकारी संपूर्ण बंदी सुचविणार नाहीत, हा संशय अवाजवी नाही. तथापि हेतूविषयीच्या संशयाने युक्तिवाद खोटा ठरत नाही. बंदीविरुद्ध बहुमताने दिलेली कारणे तपासता येण्यासारखी आहेत: झाड रानोमाळ आपोआप उगवते, म्हणून अंमलबजावणी कठीण, धार्मिक भावना दुखावण्याचा संभव, आणि एक द्रव्य बंद केल्यास लोक धोतरा वा दारू यांसारख्या अधिक घातक वस्तूंकडे वळतील ही भीती. यास्तव त्यांनी सुचविले ते नियंत्रण: लागवड मर्यादित व एकत्रित करावी, परवान्याशिवाय विक्री होऊ नये, आणि कर असा असावा की सेवन घटेल पण चोरटा माल वाढणार नाही.

शेवटच्या कारणाचा आज फार विस्तार केला जातो. १९८५ च्या कायद्याने गांजा बंद झाला आणि म्हणून शहरांतील गरीब तरुण हेरॉइनकडे वळले, असे म्हटले जाते. कालक्रम या विधानाला पुरता साथ देत नाही. मुंबईत ‘ब्राऊन शुगर’ या नावाने हेरॉइनचा प्रसार १९८० नंतरच्या पहिल्या वर्षांतच सुरू झाला होता, आणि कायदा अंमलात आला तो नोव्हेंबर १९८५ मध्ये. कायद्याने पुढे परिस्थिती बिघडविली असणे शक्य आहे. परंतु कारण कार्याच्या मागून येऊ शकत नाही. कमिशनने ज्या कठोरपणे इस्पितळांचे तक्ते तपासले त्याच कठोरपणे हा दावाही तपासला गेला पाहिजे.

७

अहवालानंतरच्या शतकात त्याचा प्रश्नच उलटा झाला. १९२५ च्या जिनिव्हा कराराने हेम्पच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आले. १९६१ च्या कराराने वैद्यकीय व शास्त्रीय उपयोगाखेरीज अन्य वापर थांबविण्याचे बंधन स्वीकारले गेले. ज्या देशांत तो रूढ होता त्यांना त्यासाठी करार अंमलात आल्यापासून पंचवीस वर्षांची मुदत मिळू शकत होती. गुंगीकारक औषधिद्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम हा १९८५ चा भारतीय कायदा त्या मुदतीच्या अखेरच्या काळातील आहे. त्याने गांजाची व्याख्या फुलोरा व फळधारी तुरे अशी केली आणि तुऱ्यांविना असलेली पाने व बिया तीतून वगळल्या. या वगळण्यामुळे भांग केंद्रीय कायद्याबाहेर राहिली व राज्यांच्या अबकारी किंवा दारूबंदी कायद्यांच्या कक्षेत गेली. अशा रीतीने कमिशनचा त्रिविध भेद कायद्यात टिकला. त्याचे धोरण मात्र टिकले नाही.

२००१ च्या सुधारणेनंतर परिमाणही कायद्यात आले. गांजा एक किलोपर्यंत असल्यास अल्प प्रमाण, वीस किलोंहून अधिक असल्यास व्यापारी प्रमाण. चरसासाठी हेच आकडे शंभर ग्रॅम व एक किलो. अल्प प्रमाणासाठी कमाल एक वर्षाची आणि व्यापारी प्रमाणासाठी दहा ते वीस वर्षांची सक्तमजुरी आहे. कमिशनला जे माप सापडले नाही ते कायद्याला सापडले असे म्हणावे, तर हे माप जवळ बाळगलेल्या मालाच्या वजनाचे आहे, सेवनाचे किंवा हानीचे नव्हे. त्याचा उपयोग पोलिसाला होतो. वैद्याला होत नाही.

अहवालाच्या अर्थनिर्णयात या बदलाकडे दुर्लक्ष होते, हा समर्थकांच्या युक्तिवादातील मूलभूत दोष आहे. १८९४ साली गांजा वैध होता. ‘बंदी घालण्यास पुरेसे कारण आहे काय?’ हा त्या वेळचा प्रश्न होता, आणि सिद्धतेचा भार बंदी मागणाऱ्यावर होता. तो भार उचलला गेला नाही, एवढाच कमिशनचा निर्णय आहे. आज बंदी अस्तित्वात आहे आणि प्रश्न ती उठविण्याचा आहे. या नव्या प्रश्नात दोन्ही पारड्यांत नवे वजन पडले आहे. एकीकडे अधिक कसदार माल, कोवळ्या वयातील सेवनाविषयीचे नवे ज्ञान आणि मोठ्या भांडवलाने चालणारी विक्री. दुसरीकडे अल्प मालासाठी होणारा तुरुंगवास, भेसळ, चोरटा व्यापार, आणि उपचार मागण्यास कचरणारा व्यसनी. यांपैकी चोरट्या मालाचा विचार सोडल्यास बहुतेक गोष्टी कमिशनच्या दृष्टीसमोर नव्हत्या. तेव्हा ‘कमिशनने वैधीकरणाची शिफारस केली’ हे विधान जितके चुकीचे, तितकेच ‘तो अहवाल वसाहतवादी म्हणून आता निरुपयोगी’ हेही.

या अहवालापासून आजच्या अभ्यासकाने घ्यावयाचे ते निर्णय नव्हेत, शिस्त होय. कोणत्या द्रव्याविषयी बोलणे चालले आहे ते आधी ठरवावे. आकडा पुढे आला की तो रकाना कोणी भरला हे विचारावे. आणि हानीची कसोटी सेवनाच्या व्याख्येत मिसळू देऊ नये. पहिल्या दोन गोष्टी कमिशनने स्वतः करून दाखविल्या. तिसरी त्याला साधली नाही, आणि आजच्या वादातील दोन्ही पक्षांनाही ती अद्याप साधलेली नाही. २०१९ च्या पाहणीतील ७२ लक्ष माणसांचा प्रश्न बंदी राहिली तरी उरणार आहे आणि उठली तरी उरणार आहे. परंतु वादाच्या दोन्ही बाजूंच्या लेखनात त्यांच्यासाठी राखून ठेवलेली जागा फारच थोडी आहे.